दोन रकान्यांची वही

२६ जून २०२२, रविवार. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रजत पाटीदारनं विजयी धाव काढली आणि आमच्या बैठकीत क्षणभर कुणी बोललंच नाही. मध्य प्रदेशनं मुंबईला ६ गडी राखून हरवलं होतं. ४१ वेळा रणजी करंडक जिंकलेल्या मुंबईला! मग आई खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "बाबांची वही काढ रे."

वही म्हणजे माझ्या आजोबांची. होळकर संस्थानात हिशेबाच्या कामाला होते, त्यामुळे क्रिकेटसुद्धा त्यांनी खतावणीसारखं मांडलं. मध्ये एक उभी रेघ. डावीकडे 'आपण', म्हणजे होळकर संघ, उजवीकडे 'मुंबई'. अंतिम सामन्यात दोघं भेटले की एक ओळ लिहायची, बाकी काही नाही. १९५४ नंतर वहीत एकही ओळ नव्हती.

*

आजोबांच्या चार ओळी, जशाच्या तशा:

१९४४-४५, मुंबई, ३७४ धावांनी.
१९४७-४८, आपण, ९ गडी राखून.
१९५१-५२, मुंबई, ५३१ धावांनी.
१९५३-५४, मुंबई, ८ गडी राखून.

दुसऱ्या ओळीतला 'आपण' दोनदा गिरवलेला आहे. दौतीत निब पुन्हा बुडवून गिरवलेला, कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेला. तो सामना इंदूरलाच झाला होता.

*

आम्ही अरेरा कॉलोनीतले मराठी. दहा नंबर मार्केटला आम्हीही 'दस नंबर'च म्हणतो, बिट्टन मार्केटच्या हाटात भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करतो आणि घरात येऊन ती भाजी मराठीत निवडतो. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश झालं, भोपाळ राजधानी झाली, आणि सरकारी दप्तरांबरोबर माणसंही इकडे आली. कुणी इंदूर-ग्वाल्हेरहून, कुणी नागपूरहून. विदर्भ मुंबई राज्यात गेला, पण नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी मराठी लोक फायलींच्या मागोमाग भोपाळला आले. आमच्या गल्लीत तिन्ही तऱ्हेची घरं आहेत: आमचं इंदूरचं, समोरच्या काकूंचं नागपूरचं, आणि कोपऱ्यावर एक दादरचं, बँकेच्या बदलीनं आलेलं आणि इथेच राहिलेलं.

२०२२ च्या त्या पाच दिवसांत तिघांचे तीन पक्ष होते. दादरचे काका मुंबईकडून. आम्ही मध्य प्रदेशकडून. काकू म्हणत होत्या, "नायडू आमचा होता, तुम्ही नेला. म्हणून जे काय जिंकून राहिले तुम्ही, त्यात अर्धं आमचं."

काकूंचं म्हणणं खोटं नाही.

*

कोट्टारी कनकैया नायडू, म्हणजे सी. के. जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५. १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावलं आणि फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढं कर्नल झाले. १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर एम. सी. सी. विरुद्ध १५३ धावा केल्या, त्यात ११ षटकार. १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार झाले. इंदूरलाच राहिले आणि १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरलाच गेले.

संस्थानी क्रिकेटबद्दल एक आक्षेप नेहमी घेतला जातो की ते उसनं होतं. राजानं पैसा ओतला, माणसं बाहेरून आणली, त्यात गावाचं काय? मला हा आक्षेप कधीच पटला नाही. ज्या माणसानं वयाची चव्वेचाळीस वर्षं एका गावात काढली तो त्या गावाचा नाही, तर मग अरेरा कॉलोनीतलं एक तरी घर भोपाळचं आहे का?

*

मार्च १९४५. मुंबईचं ब्रेबोर्न स्टेडियम. हा सामना आजोबांनी पाहिला नव्हता, पण त्याचे आकडे त्यांना तोंडपाठ होते आणि ते आम्हाला झोपताना ऐकवत.

मुंबई ४६२. होळकर ३६०. मुंबई पुन्हा ७६४, त्यात विजय मर्चंट एकट्याचे २७८. होळकरांपुढं आव्हान ८६७ धावांचं! आजच्या माणसाला वाटेल, मग काय, हात टेकले असतील. होळकरांनी ४९२ केल्या. मुश्ताक अलींनी पहिल्या डावात १०९ आणि दुसऱ्या डावात १३९. आणि डेनिस कॉम्प्टन २४९, नाबाद.

इंग्लंडचा हा देखणा फलंदाज महायुद्धात सैन्याबरोबर महूला होता. महूहून इंदूर हाकेच्या अंतरावर, तेव्हा होळकरांनी त्याला संघात घेतलं. एका व्यापाऱ्यानं त्याच्या शतकापुढच्या प्रत्येक धावेला बक्षीस लावलं होतं, आणि डाव संपल्यावर तो व्यापारी कामानिमित्त कलकत्त्याला गेल्याचा निरोप तेवढा मिळाला, ही हकीकत कॉम्प्टन पुढं सांगत असे. आजोबांना ही गोष्ट आवडत नसे. पैशाचा उल्लेख आला की ते विषय बदलत आणि सी. एस. कडे वळत.

सी. एस. नायडू, सी. के. यांचे धाकटे बंधू, लेगस्पिनर. त्या एका सामन्यात त्यांनी १५२.५ षटकं टाकली. ९१७ चेंडू. ४२८ धावा देऊन ११ बळी. एका माणसानं एका सामन्यात इतके चेंडू टाकल्याचं दुसरं उदाहरण प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये नाही. दुसऱ्या डावात एकट्यानं ८८ षटकं, मार्चच्या मुंबईत, समोर मर्चंट आणि रुसी मोदी. मोदींनी त्या डावात १५१ केल्या. त्या हंगामात त्यांच्या रणजीत १००८ धावा झाल्या, एका हंगामात हजारावर जाणारे ते पहिले.

दोन्ही संघांच्या मिळून २०७८ धावा झाल्या.

आजोबा इथं थांबत आणि विचारत, "आणि हरलं कोण?" आम्ही म्हणायचो, "आपण." ते म्हणत, "हो. पण ८८ षटकं टाकून."

*

दुसरा सामना थोडा दूरचा आहे, मुंबईचा नाही, पण तो सोडून होळकरांची गोष्ट सांगता येत नाही. समोर बडोदा. गायकवाड आणि होळकर, दोन मराठी दरबार. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी जे रणांगणावर एका बाजूला किंवा समोरासमोर असत, ते आता पांढऱ्या कपड्यांत. १९४५-४६ चा अंतिम सामना होळकरांनी ५६ धावांनी जिंकला, आणि त्यात पन्नास वर्षांच्या सी. कें.नी २०० धावा केल्या. पन्नास वर्षांच्या! पुढच्याच वर्षी बडोद्यानं असा वचपा काढला की तो अजून सांगतात. ३ बाद ९१ वर सांगलीचे विजय हजारे आणि गुल महंमद एकत्र आले आणि ५७७ धावांची भागीदारी करूनच वेगळे झाले. हजारे २८८, गुल महंमद ३१९. २००६ पर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षं, प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कुठल्याही गड्यासाठी याहून मोठी भागीदारी झाली नाही. होळकर एक डाव आणि ४०९ धावांनी हरले.

त्या वर्षाबद्दल आजोबा काही बोलत नसत.

*

होळकर संघाची नावं मोठ्यानं वाचून पाहावीत. सरवटे. निंबाळकर. जगदाळे. भांडारकर. रांगणेकर. गायकवाड. निवसरकर. त्यांच्यात मुश्ताक अली, भाया, नायडू. पुण्यातल्या एखाद्या चाळीतल्या पाट्या वाटाव्यात अशी यादी. आणि समोर मुंबईकडून मर्चंट, मोदी, माधव मंत्री, फडकर. निम्मे इकडचे तिकडे नि तिकडचे इकडे शोभले असते. खंडू रांगणेकर तर दोन्हींकडून खेळले.

भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ ला अवघ्या नऊ धावा कमी. काठियावाडनं सामना सोडून दिला आणि ते तिथंच राहिले. त्याआधी आणि पुढंही होळकरांकडून वर्षानुवर्षं खेळले. भारताकडून एकही कसोटी नाही. हे लिहिताना मला आजही चीड येते. कुठल्याही निवड समितीनं काहीही कारण दिलं तरी ते मला पुरणार नाही.

चंदू सरवटे सागरचे, आमच्याच प्रदेशातले. १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध ते दहाव्या क्रमांकावर आणि शुटे बॅनर्जी अकराव्या क्रमांकावर आले, दोघांनीही शतकं केली, शेवटच्या गड्यासाठी २४९. पेशानं बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. लहानपणी मला वाटे की इंदूरचं सरवटे बसस्टँड त्यांच्याच नावाचं आहे. ते तात्यासाहेब सरवट्यांच्या नावाचं, घटना समितीत बसलेल्या. आजोबांनी दुरुस्त केलं आणि वर म्हणाले, "पण तुझी चूक चांगली आहे."

*

९१२ वर ८ बाद, डाव घोषित. १९४५-४६, उपांत्य सामना, इंदूर, समोर म्हैसूर. एकाच डावात सहा जणांची शतकं: भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंग १००. एवढं करून सरवट्यांनी ६१ धावांत ९ बळीही घेतले.

आजोबांच्या तोंडून ही सहा नावं एका दमात ऐकायची सवय होती. आज मी माझ्या मुलीला ऐकवतो. ती भांडारकर आणि जगदाळे यांची अदलाबदल करते.

*

५३१ धावांचा पराभव, १९५१-५२. पराभव विसरला गेला, पण त्या सामन्यातली एक गोष्ट राहिली आहे. सी. के. छप्पन वर्षांचे. गोलंदाज दत्तू फडकर. चेंडू उसळून तोंडावर बसला, दात तुटले. सांगतात की सी. कें.नी खेळपट्टीवर पडलेले दात बाजूला सारले आणि पुन्हा उभे राहिले. फडकरांनी वेग कमी केला तर ते त्यांना आवडलं नाही.

फडकर कोल्हापूरचे, खेळत होते मुंबईकडून. सी. के. नागपूरचे, खेळत होते इंदूरकडून. वैर होतंच, आणि खरं वैर होतं. पण समोरच्याला संपूर्ण ताकदीनं टाकू द्यायचं, ही त्यातली अट. ज्याला कमी वेगानं चेंडू टाकावा लागतो, त्याच्याशी कसलं वैर?

*

मुंबईच्या बाजूनंही लिहिलं पाहिजे. दादरचे काका वाचणार आहेत.

मुंबईकडे महाराजा नव्हता. मैदानं होती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, जिथं एका सामन्याचा कव्हर पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या फाइन लेगला पाठ लावून उभा असतो. १९४८ पासून कांगा लीग, ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर. आणि कचेऱ्या होत्या, ज्या खेळाडूला नोकरी देत आणि दुपारी सरावाला सोडत. या सगळ्यातून जो स्वभाव घडला त्याला मुंबईकर स्वतःच 'खडूस' म्हणतात, आणि तो शब्द अभिमानानं उच्चारतात. १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वर्षं करंडक मुंबईकडे होता. काका सांगतात, त्यांच्या वाडीत एखाद्या वर्षी मुंबई हरू शकते हे मुलांना माहीतच नव्हतं.

होळकरांनी चौदा हंगामांत दहा अंतिम सामने गाठले, चार जिंकले. शेवटचा १९५४-५५ चा, इंदूरलाच, मद्रासकडून ४६ धावांनी हरले. त्यानंतर होळकर या नावाचा संघच राहिला नाही. संस्थान आधीच विलीन झालं होतं, तिजोरी गेली होती, फौजेतले हुद्दे गेले होते. मुंबई पुढची पंधरा वर्षं ज्या काळात जिंकत होती, त्या काळात तिच्यासमोरचा तिचा सगळ्यात कडवा प्रतिस्पर्धी अस्तित्वातच नव्हता. मला वाटतं, मुंबईचंही त्यात नुकसान झालं. काकांना हे मान्य नाही.

*

भाचा शिकागोजवळ राहतो. त्यानं फोनवर विचारलं, "मामा, बेअर्स-पॅकर्स माहीत आहे का?" मग त्यानंच समजावलं. अमेरिकन फुटबॉलमधले हे दोन संघ १९२१ पासून एकमेकांशी खेळताहेत, दोनशेहून जास्त सामने झाले. एकीकडे शिकागोसारखं महानगर, दुसरीकडे ग्रीन बे, लोकवस्ती जेमतेम एक लाख. आणि त्या लाखाच्या गावात ऐंशी हजारांवर लोक बसतील असं स्टेडियम.

मी विचारलं, "गाव एवढं लहान, तर संघ टिकला कसा? पैसा कुणाचा?"

तो म्हणाला, "गावाचाच." १९२३ मध्ये गावकऱ्यांनी समभाग घेऊन संघ वाचवला, आणि आज पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही, समभाग विकून नफाही नाही. कागद फ्रेम करून भिंतीवर लावतात.

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. १९५५ मध्ये इंदूरच्या शिक्षकांनी, कापडबाजारातल्या दुकानदारांनी, गिरणीतल्या कामगारांनी आठ-आठ आणे घातले असते तर? आजोबांनी घातले असते, हे मी शपथेवर सांगतो. पण कुणी मागितलेच नाहीत. संघ राजाचा आहे, हे सगळ्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की राजा गेल्यावर संघ गेला याचं कुणाला आश्चर्यही वाटलं नाही. प्रेम गावाचं, सातबारा दरबाराचा.

*

भोपाळ हे मुळात हॉकीचं गाव. ऐशबागचं मैदान, जुन्या शहरातल्या गल्ल्या, तिथला प्रत्येक म्हातारा हाफ किंवा इनसाइड खेळलेला. तरी क्रिकेटचा एक धागा इथंही आहे: नवाब हमीदुल्ला खान १९३० च्या दशकात भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते, आणि त्यांचा नातू मन्सूर अली खान पतौडी ५ जानेवारी १९४१ ला भोपाळमध्येच जन्मला. आजोबा म्हणत, "इथं आलो तेव्हा क्रिकेटवर बोलायला माणूस शोधावा लागे." त्यांनी समोरच्या नागपूरकरांना शोधलं. तिथून दोन्ही घरांची ओळख.

*

चंद्रकांत पंडित. मुंबईचे यष्टिरक्षक, आचरेकर सरांचे शिष्य, पुढं मध्य प्रदेशकडे आले. १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात ते आमचे कर्णधार, समोर कर्नाटक, मैदान चिन्नास्वामी. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली होती. शेवटच्या दिवशी नुसतं तग धरून सामना अनिर्णित ठेवला असता तरी करंडक आमचा होता. विजय भारद्वाजनं २४ धावांत ६ बळी घेतले. सगळा संघ १५० वर संपला आणि आम्ही ९६ धावांनी हरलो. आजोबा तेव्हा हयात होते. रेडिओ बंद करून अंगणात जाऊन बसले. मुंबई नव्हती म्हणून वहीत ओळ लिहायची नव्हती, पण वही मात्र मांडीवर होती.

तेवीस वर्षांनी तेच मैदान, तेच पंडित, आता प्रशिक्षक. मधल्या काळात त्यांनी मुंबईला आणि मग विदर्भाला लागोपाठ दोनदा करंडक मिळवून दिला होता. समोर मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार, तेही आचरेकरांचेच. म्हणजे दोन्ही ड्रेसिंग रूममध्ये शिवाजी पार्कची माती.

मुंबई ३७४, सरफराज खान १३४. आमचे ५३६: यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, पाटीदार १२२. ही १६२ धावांची आघाडी म्हणजेच सामना होता, असं मी त्याच दिवशी म्हणालो, पण आई म्हणाली, "भारद्वाज आठव." पाचव्या दिवशी मुंबई २६९ वर संपली, कुमार कार्तिकेयचे ४ बळी. १०८ हव्या होत्या. त्या झाल्या.

पंडित रडले. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे दादरचे काकाही रडले, आणि त्यांनी डोळे पुसत आईला विचारलं, "वहिनी, हा आमचा की तुमचा हो?"

*

आईनं वही उघडली. पाचवी ओळ मी लिहिली:

२०२१-२२, आपण, ६ गडी राखून.

'आपण' लिहिताना हात अडला. आजोबांचा 'आपण' म्हणजे होळकर. माझा म्हणजे मध्य प्रदेश, ज्यात बुंदेलखंड, जबलपूर, रीवा सगळं येतं आणि ज्याच्या संघात आज मराठी आडनाव शोधावं लागतं. रकाना तोच ठेवावा का? काकू म्हणाल्या, "ठेवा. बाबा असते तर त्यांनी ठेवलाच असता." कदाचित. १९५६ मध्ये बदलीचा कागद हातात आला तेव्हा त्यांनी घरही बदललं आणि राज्यही, पण वही नाही बदलली.

*

१५ डिसेंबर २०२४. पुन्हा बंगळुरू, पुन्हा मुंबई आणि मध्य प्रदेश, पुन्हा अंतिम सामना. या वेळी वीस षटकांचा. पाटीदार ४० चेंडूंत नाबाद ८१, आमचे १७४. मुंबईनं १७.५ षटकांत ५ गडी राखून गाठले.

करंडकाचं नाव सय्यद मुश्ताक अली. समालोचक ते नाव सारखं घेत होते. मुश्ताक अली, जन्म इंदूर, परदेशात कसोटी शतक करणारे पहिले भारतीय, १९३६, ओल्ड ट्रॅफर्ड, ११२. मुंबईविरुद्ध ८६७ चा पाठलाग करताना १३९ करणारे. आणि त्यांच्या नावाचा करंडक मुंबईच्या हातात.

काका मिठाईचा डबा घेऊन आले. काकूंनी लाडू घेतला. मुलीनं वही आणली आणि विचारलं, "लिहू?"

मी म्हटलं, ही वही रणजीची. ती म्हणाली, "आजोबांनी कुठं लिहिलंय तसं?" पानं उलटून पाहिली. खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं.

तिनं पेन्सिलनं लिहिलं, उजव्या रकान्यात. खोडता यावं म्हणून पेन्सिल. तीन-दोन होतं, चार-दोन झालं.